आधारवर वय कमी लागलंय, काम सुटलंय, गटाचा हप्ता थकलाय. मावशींसाठी आधी काय करावं?

वस्तीताई:
आमच्या वस्तीत धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या एक मावशी आहेत. शाळा दुसरीत सुटली, तेव्हापासून लोकांच्या घरी राबतायत. जन्माची नोंद नाही. वय सत्तरीला टेकलं असावं, पण आधारवर १-१-१९६४ पडलंय. नवरा वारला, मुलगा नाही, मुली सासरी. दिवाळीपासून गुडघे धरले आणि कामं गेली. मायक्रोफायनान्सच्या गटाचा महिना २१०० चा हप्ता, दोन थकले. श्रावणबाळ योजनेला ६५ पूर्ण हवीत म्हणून सेतूतून परत पाठवलं. आधारवरची तारीख बदलावी का?

तहसीलवारी:
आत्ता तारखेच्या मागे लागू नका. त्या विधवा आहेत, म्हणजे ६५ च्या आत संजय गांधी निराधार योजनेत बसतात. रक्कम श्रावणबाळइतकीच, महिना १५००. सेतूत वय बघून परत पाठवतात, ही दुसरी वाट कुणी सांगत नाही याचं फार वाईट वाटतं.

अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत. नवऱ्याचा मृत्यू दाखला, रेशनकार्ड, आधार, १५ वर्षांचा रहिवास आणि उत्पन्नाचा दाखला लागेल. अडतं ते उत्पन्नावर: वर्षाला २१,००० ची मर्यादा आहे. दोन घरची कामं धरली तरी ती ओलांडते, म्हणून तलाठ्याला काम कधी सुटलं ते नीट सांगा आणि गुडघ्यांचे सरकारी दवाखान्यातले कागद जोडा. आकडा मात्र खोटा लिहू नका, चौकशीत अर्ज बाद होतो. मृत्यूची नोंदच झाली नसेल तर ते काम आधी. वर्ष उलटलं असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

जुनी_नोंदवही:
वयाबद्दल थोडं. दुसरीपर्यंत का होईना, शाळेत नाव होतं ना? मग त्या शाळेच्या जनरल रजिस्टरला जन्मतारीख असणार. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करून उतारा मागा. लहानपणीचं नाव आणि माहेरचं आडनाव द्या, सासरच्या नावाने शोधलं तर सापडत नाही. रजिस्टर हरवलं असेल तर ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा वयाचा दाखला या योजनांना चालतो. आधारवरची तारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, म्हणून पक्का कागद हाती येईपर्यंत तिला हात लावू नका.

हप्तेबंदी:
कर्जाचं आजच बघा. शाखेत लेखी अर्ज देऊन हप्ता लहान आणि मुदत लांब करून मागा, पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अशा कर्जाच्या वसुलीला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही, धमकी तर कधीच नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. जुनं फेडायला दुसऱ्या गटाचं कर्ज मात्र काढू देऊ नका, वस्तीतली घरं बुडतात ती तिथेच.

वस्तीताई:
त्यांचं खातं एकच आहे, हप्ताही त्यातूनच जातो. चालेल?

हप्तेबंदी:
नको. १५०० जमा झाले की हप्त्यात वळते होतील. शून्य शिलकीचं जनधन खातं वेगळं काढा आणि बँकेत फॉर्म भरून आधार त्याला जोडून घ्या. अनुदान अर्जात लिहिलेल्या खात्यावर नाही, आधारला जोडलेल्या खात्यावर येतं.

तहसीलवारी:
आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला त्यांना कुणीतरी घेऊन जा. तो राहिला की अनुदान थांबतं.