गाडी स्वतः चालत असताना धडकली, तर निस्तरायचं कोणी?

घाटवाट (धागाकर्ता)
विजेच्या आणि स्वयंचलित गाड्यांचा विषय निघाला की आपण रेंज किती, कॅमेरे किती यातच अडकतो. माझ्या मते कंपन्यांमधला खरा फरक अपघातानंतर दिसतो.

मर्सिडीजने मे २०२२ मध्ये जर्मनीत ड्राइव्ह पायलट, म्हणजे गाडी स्वतः चालवणारी यंत्रणा, विकायला काढलं. ठरलेल्या ऑटोबानवर (तिथले महामार्ग), गर्दीत, ताशी ६० किमीच्या आत. पण तेवढ्या वेळात तुम्ही पडद्यावर सिनेमा पाहिलात तरी चालायचं, आणि यंत्रणा चुकली तर जबाबदारी कंपनी घ्यायची. टेस्लाचं उलट. त्यांची एफएसडी (फुल सेल्फ-ड्रायव्हिंग) यंत्रणा गल्लीबोळातही वळते, सिग्नलला थांबते, पण लक्ष तुमचं हवं आणि दोषही तुमचाच. टेस्लाचे प्रमुख मस्क २०१९ मध्ये म्हणाले होते, पुढच्या वर्षी दहा लाख रोबोटॅक्सी (ड्रायव्हर नसलेल्या टॅक्सी) रस्त्यावर असतील. जून २०२५ मध्ये ऑस्टिनला मोजक्या गाड्या निघाल्या, त्यातही शेजारच्या सीटवर कंपनीचा माणूस! थोडंच करून जबाबदारी घेणारी कंपनी मला पुढची वाटते.

तेलपाणी
असहमत. मर्सिडीजचं ते दिवसाउजेडीच चालायचं, बोगदा नको, हवा चांगली हवी, पुढे गाड्यांची रांग हवी. एवढ्या अटी घातल्यावर जबाबदारी घ्यायला काय जातं? वेळच येत नाही. पुढे वेग ९५ पर्यंत वाढवला, तोही सगळ्यात हळू लेनमध्ये दुसऱ्या गाडीमागे. टेस्लाच्या लाखो गाड्या रोज खऱ्या रस्त्यांवरून शिकताहेत. गाडी घडते ती तिथेच.

घाटवाट
शिकताहेत, मान्य. पण टेस्लाने २०२१ पासून रडार काढलं, २०२२ मध्ये पार्किंगचे सेन्सरही. सगळा भार कॅमेऱ्यांवर. गूगलच्या घरातल्या वेमोने लायडर (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर), रडार, कॅमेरे तिन्ही ठेवले आणि ऑक्टोबर २०२० मध्येच फिनिक्समध्ये ड्रायव्हर नसलेली टॅक्सी लोकांसाठी खुली केली.

तेलपाणी
वेमो गाड्या बनवत नाही हो, जॅग्वारवर आपलं सामान चढवते. बनवणाऱ्यांनी त्या वाटेने जाऊन काय मिळवलं? जीएमने (जनरल मोटर्सने) आपल्या क्रूझ या स्वयंचलित टॅक्सीच्या कंपनीवर दहा अब्ज डॉलरहून जास्त ओतले आणि डिसेंबर २०२४ मध्ये रोबोटॅक्सी गुंडाळली. फोर्ड आणि फोक्सवॅगनच्या पैशांवरची, असंच तंत्र बनवणारी आर्गो तर २०२२ लाच बंद.

कलम_कसाई
क्रूझ नुसती पैशांमुळे बुडाली नाही. ऑक्टोबर २०२३, सॅन फ्रान्सिस्को. दुसऱ्या गाडीने उडवलेली बाई क्रूझच्या गाडीपुढे पडली. गाडी थांबली, आणि मग 'कडेला घेऊ' म्हणून निघाली. बाई खाली अडकलेली, सुमारे २० फूट फरफटली. हा फरफटीचा भाग सरकारी अधिकाऱ्यांना नीट सांगितला नाही, म्हणून परवाना गेला.

आणि घाटवाट, जबाबदारी घ्यायची की नाही हे कंपनी एकटी ठरवत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मियामीच्या ज्युरीने २०१९ च्या एका अपघातात टेस्लाला ३३ टक्के दोषी धरलं, सुमारे २४ कोटी ३० लाख डॉलर भरायला सांगितले. चालक खाली पडलेला फोन शोधत होता, तरीही. करारात काहीही लिहा, कोर्ट आपलं गणित मांडतं.

शेवग्याची_शेंग
तुम्ही सगळे स्टिअरिंगलाच धरून बसलात. विजेचं काय? व्होल्वोने २०२१ मध्ये सांगितलं, २०३० पर्यंत फक्त इलेक्ट्रिक. सप्टेंबर २०२४ मध्ये माघार, आता प्लग-इन हायब्रिडही (चार्जही होते, पेट्रोलचं इंजिनही असतं) चालेल. टोयोटाला सगळे मागास म्हणत होते. १९९७ पासून प्रियस ही हायब्रिड विकतेय, अध्यक्ष आकियो टोयोडा सरळ सांगतात की इलेक्ट्रिकचा वाटा ३० टक्क्यांच्या वर जाणार नाही. शब्द तरी फिरवला नाही.

तेलपाणी
शब्द न फिरवणं म्हणजे बरोबर असणं नव्हे! चीनची बीवायडी मुळात बॅटरीवाली कंपनी, १९९५ ची. मार्च २०२२ मध्ये निव्वळ पेट्रोलच्या गाड्या बंद केल्या.

शेवग्याची_शेंग
आणि प्लग-इन हायब्रिड ढिगाने विकतेय. पेट्रोलची टाकी तिथेही आहेच की.

चाकणवाला
आमच्या इथल्या महिंद्राच्या बीई ६ या इलेक्ट्रिक गाडीतही लेव्हल २ आलंय, म्हणजे गाडी मदत करते पण लक्ष चालकाचंच. पट्टे आखलेल्या हायवेवर झकास. चाकण चौकात संध्याकाळी लावून दाखवा, मग बोलू. ड्रायव्हर लोकांच्या नोकऱ्या जातील म्हणून गडकरींनी चालकविरहित गाड्यांना आधीच नाही म्हटलंय, त्यामुळे आपल्याकडे निस्तरणारा ठरलेलाच: जो चालवतो तो.

कलम_कसाई
लेव्हल २ म्हटलं की कंपन्या जगभर हेच सांगतात. मला खटकतं ते वेगळं. मार्च २०२५ मध्ये चीनच्या आनह्वी प्रांतात शाओमीची एसयू७ ही इलेक्ट्रिक गाडी एक्स्प्रेसवेवर दुभाजकाला धडकली, तिघांचा जीव गेला. सहाय्यक यंत्रणा चालू होती, तिने इशारा दिला आणि दोन-चार सेकंदांत धडक. मर्सिडीजचं ड्राइव्ह पायलट ताबा घ्यायला दहा सेकंद द्यायचं. पुढच्याच महिन्यात चीन सरकारने जाहिरातीत 'स्वयंचलित' म्हणायला मनाई केली.

तेलपाणी
दहा सेकंद मान्य, पण त्यासाठी एस-क्लास किंवा ईक्यूएससारखी महागडी गाडी घ्यावी लागायची मालक. बीवायडीने फेब्रुवारी २०२५ मध्ये सुमारे सत्तर हजार युआनच्या सीगल या छोट्या गाडीतही सहाय्यक यंत्रणा फुकट दिली.

घाटवाट
स्वस्तातली ती यंत्रणा लायडरशिवाय, आणि लक्ष चालकानेच ठेवायचं. सिनेमा नाही.

तेलपाणी
जुलै २०२५ मध्ये त्याच बीवायडीने चीनमधल्या ग्राहकांना सांगितलं: गाडी स्वतः पार्क होताना काही ठोकलं तर भरपाई आमची, तुमच्या विम्याला हात लावू नका.

घाटवाट
म्हणजे तुम्हीही शेवटी भरपाईच मोजायला लागलात. :)

तेलपाणी
पार्किंगपुरती. हायवेवर शंभरच्या वेगात कोणी लिहून दिलं, तर तो कागद इथे लावा.