हिग्ज बोसॉन सापडला, पण आपल्याला त्याचं काय?

चौकस: शेजारच्या धाग्यावर एकाने ठोकून दिलंय, "हिग्ज बोसॉन सापडला म्हणून शास्त्रज्ञ नाचले, सामान्य माणसाच्या आयुष्यात तसूभर फरक पडला नाही. पैसा पाण्यात." वाचून डोकं सणकलं, म्हणून हा वेगळा धागा. इलेक्ट्रॉनला वस्तुमानच नसतं तर तो अणूत टिकला नसता. अणू नाही तर पाणी नाही, हाडं नाहीत, आपणही नाही. ते वस्तुमान कुठून येतं याची कल्पना १९६४ मध्ये कागदावर मांडली गेली आणि ४ जुलै २०१२ला सर्न या युरोपातल्या संशोधन केंद्राने त्या कल्पनेतला कण, हाच हिग्ज बोसॉन, सापडल्याचं जाहीर केलं. ४८ वर्षं माणसं एका प्रश्नाला चिकटून राहिली. आपण कशामुळे आहोत हे कळणं म्हणजे काहीच नाही?

रोखठोक: ते वाक्य माझं, आणि मी त्यावर ठाम आहे. २०१२च्या आधी अणू नव्हते का? हा कण शोधायला २७ किलोमीटरचा बोगदा, उणे २७१ अंशांपर्यंत गार केलेली चुंबकं, सगळं करदात्यांच्या जिवावर. माझ्या बहिणीला दुर्मीळ आजार आहे. "यावर संशोधनाला निधीच नाही" असं डॉक्टरने तोंडावर सांगितलं. मला कुतूहलाची महती सांगू नका.

मधुमालती: बहिणीचं वाचून वाईट वाटलं. पण माझ्या आईचंही ऐका. पेट स्कॅनच्या वेळी किरणोत्सारी साखरेचं इंजेक्शन देऊन तिला तासभर एका खोलीत पडून राहायला सांगितलं. बोलायचं नाही, हालचाल नाही, नाहीतर स्नायूच ती साखर ओढून घेतात. त्या साखरेला जोडलेल्या फ्लोरिनमधून पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे धन भाराचे जुळे, निघतात, इलेक्ट्रॉनला भेटतात, दोघंही नाहीसे होतात आणि दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना सुटतात. त्यावरून गाठ नेमकी कुठे ते दिसलं. हा पॉझिट्रॉन आधी डिरॅक या भौतिकशास्त्रज्ञाच्या गणितात निघाला, मग १९३२ मध्ये अँडरसनला प्रयोगात सापडला. रुग्णांसाठी कुणी शोधायला गेलं नव्हतं.

रोखठोक: पॉझिट्रॉनचं मान्य. पण हिग्ज निर्माण होतो न होतो तोच विरून जातो, त्याचा स्कॅन कसा काढणार? दुसऱ्याच्या पुण्याईवर याचं समर्थन नको.

जुना_खेळाडू: एवढं रामायण झालं, पण ज्यांच्या नावावरून बोसॉन आला त्या सत्येंद्रनाथ बोसांचं नाव कुणी काढलं नाही! १९२४ मध्ये ढाक्याहून आइनस्टाइनला लेख पाठवला, त्याने स्वतः जर्मनमध्ये उतरवून छापून आणला. नोबेल? नाही. २०१३ला मिळालं ते १९६४ची ती कल्पना मांडणाऱ्या हिग्ज आणि आंग्लेर यांना.

सापेक्ष: पुन्हा तेच तुणतुणं. बोसांचं काम बोसॉन जातीच्या सगळ्याच कणांबद्दल आहे, हिग्जच्या भाकितात त्यांचा हात नाही. हळहळ वाटायचीच तर ब्राऊट यांच्याबद्दल वाटू दे. आंग्लेरबरोबर तोच १९६४चा लेख लिहिला आणि २०११ला गेले. मरणोत्तर नोबेल देत नाहीत.

जुना_खेळाडू: तुणतुणं? बोस-आइनस्टाइन संघनित (बोसांच्या गणितावरून भाकीत केलेली अतिथंड वायूची अवस्था) प्रयोगशाळेत बनवल्याबद्दल २००१ मध्ये तिघांना नोबेल दिलं. बोस १९७४ मध्ये गेले. समितीच्या हातात ५० वर्षं होती. आपल्या माणसाचं नाव घेतलं की तुम्हाला का झोंबतं?

सापेक्ष: झोंबत नाही, आणि ५० वर्षांचा मुद्दा बिनतोड आहे, घ्या. पण म्हणून हिग्जचं श्रेय त्यांना जात नाही. आणि चौकस, आपलं बहुतेक वजन हिग्जमुळे नाहीच. ते प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आत कोंडलेल्या ऊर्जेचं आहे.

चौकस: मी इलेक्ट्रॉन म्हटलंय, प्रोटॉन नाही. नीट वाचा. रोखठोक, हिग्जपासून उद्या औषध निघेल असं मी म्हणणार नाही, तसं सांगणं फसवणूक होईल. पण हा बोगदा नसता तर तो पैसा तुमच्या बहिणीच्या आजाराकडे वळला असता, हे कशावरून?

रोखठोक: वळला नसता, तेही ठाऊक आहे. म्हणून राग जात नाही. निधी वाटायला बसतात तिथे रुग्णाच्या घरचं एक माणूस बसवा, मग खुशाल बोगदे खणा.

मधुमालती: यावर वेगळा धागा काढा. पहिला प्रतिसाद माझा.