रात्रभर उभी राहिलेली जुनी डिझेल पिकअप सकाळी सुरू होत नाही: पंप उतरवण्यापूर्वी काय तपासावे?

सातपुडा पायथा (यावल तालुका)

नमस्कार. माझ्याकडे २००८ सालची डिझेल पिकअप आहे. इंजिन जुन्या पद्धतीच्या मेकॅनिकल पंपाचे (नोझलना दाबाने डिझेल पुरवणारा पंप) असून कॉमन रेल, म्हणजे संगणकाने नियंत्रित होणारी नवी डिझेल प्रणाली, नाही. थंडी सुरू झाल्यापासून रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू होत नाही. सेल्फ (स्टार्टर मोटर) चांगल्या जोराने फिरतो, पण इंजिन पकडत नाही. बराच वेळ सेल्फ मारला किंवा डिझेल फिल्टरवरचा, हाताने डिझेल ओढायचा हँड पंप दाबत राहिलो, की ती एकदम सुरू होते, थोडा वेळ अडखळते आणि त्यानंतर दिवसभर अर्ध्या सेल्फवर सुरू होत राहते.

बॅटरी नवीन आहे. जवळच्या एका गॅरेजमध्ये सेल्फ खोलून त्याचे कार्बन (ब्रश) बदलले, तरी फरक पडला नाही. आता पंप आणि नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे डिझेलचे प्रमाण तपासून जुळवायला, पाठवावे लागतील, असे मला सांगण्यात आले आहे. केळीची कापणी सुरू आहे आणि कापलेले घड बांधावर पडून राहिले तर भावाचे जे होते ते आपल्या भागात कोणाला सांगायला नको. त्यामुळे एवढा खर्च करण्यापूर्वी घरच्या घरी काय काय तपासून पाहता येईल, याचे जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

डिझेल मिस्त्री (पारोळा)

भाऊ, पंप उतरवण्याची घाई मुळीच करू नका. पंप किंवा नोझल झिजल्यामुळे गाडी सुरू होत नसती, तर तिने दिवसभरातही थोडाफार त्रास दिला असता. ओढ कमी झाली असती किंवा धूर वाढला असता. तुमची तक्रार गाडी रात्रभर उभी राहण्याशी जोडलेली आहे, म्हणून उभ्या गाडीत काय बदलते ते आधी शोधले पाहिजे.

उद्या सकाळी एक गोष्ट करा. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही सायलेन्सरच्या तोंडाशी उभे राहून पाहा. सेल्फ फिरत असताना पांढरा धूर येत असेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे पण पेटत नाही, असा त्याचा अर्थ. मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या हवेचा दाब), टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ), सेल्फचा वेग आणि इंजिनाला हीटर प्लग (सुरू करताना आतली हवा तापवणारे) असतील तर ते, या दिशेने जावे लागेल. धूर अजिबात नसेल, तर डिझेल पोहोचतच नाही. या दोन्हींचे उपाय पूर्णपणे वेगळे असल्यामुळे हे पाहिल्याशिवाय कोणताही पाना हातात घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. त्याचबरोबर पंप रोटरी आहे (एकाच फिरत्या भागातून सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटणारा) की लाइन पंप (प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा प्लंजर असलेला), आणि त्याला टाकीतून डिझेल ओढून आणणारा वेगळा फीड पंप आहे का, तेही कळवा.

लळिंगच्या पलीकडे (धुळे)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु ‘सेल्फ जोराने फिरतो’ हे केवळ कानावर ठरवू नये. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि थंडीत तोच धुळ्यात १० अंशांच्या खाली येतो. गार झालेले घट्ट ऑइल इंजिनाला जड करते, आणि डिझेल इंजिन तर दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच पेटते. वेग थोडा जरी कमी पडला तरी ती उष्णता पुरत नाही. मीटर लावून पाहा. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी रात्रीनंतर १२.६ व्होल्टच्या जवळपास दिसावी आणि सेल्फ फिरताना ती साधारण १० व्होल्टच्या खाली जाऊ नये. बॅटरी नवी असूनही आकडा खाली जात असेल, तर इंजिन आणि चासी यांच्यामधली अर्थिंगची (सेल्फचा करंट परत नेणारी) पट्टी सोडवून, दोन्ही टोके घासून पुन्हा आवळा. रोटरी पंप असल्यास चावी ऑन करताच पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडचा (चावीनुसार डिझेल चालू-बंद करणारा विजेचा भाग) ‘टक्’ असा आवाज येतो का, तेही ऐका.

सातपुडा पायथा (यावल तालुका)

दोघांचेही आभार. पंप रोटरी असून वेगळा फीड पंप नाही. हँड पंप फिल्टरच्या डोक्यावर आहे. सोलेनॉइडचा आवाज येतो आणि सेल्फ फिरताना बॅटरी १० व्होल्टच्या वर राहते. सकाळी धूर अजिबात दिसला नाही. हँड पंप सुरुवातीला पोकळ लागतो, दाबत गेल्यावर कडक होतो, आणि त्यानंतर सेल्फ मारल्यावर आधी पांढरा धूर येऊन गाडी सुरू होते. खाली मात्र कुठेही डिझेलचा थेंब दिसत नाही.

डिझेल मिस्त्री (पारोळा)

गाडी एअर घेते आहे, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरते आहे. थेंब दिसत नाही यातही नवल नाही. वेगळा फीड पंप नसल्यामुळे टाकीपासून फिल्टरपर्यंत आणि फिल्टरपासून पंपापर्यंत सगळी लाइन ओढीवर चालते. अशा लाइनला बारीक भेग पडली, की डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. इंजिन चालू असताना तेवढी हवा पंप पचवून टाकतो. गाडी उभी राहिली, की त्याच भेगेतून हवा शिरते आणि लाइनमधले डिझेल हळूहळू टाकीत परत उतरते. सकाळी पंपाच्या तोंडाशी हवाच असते. थंडीत जुनी रबरी नळी कडक होते, क्लिपाखालची पकड सुटते, म्हणून ही तक्रार या दिवसांत वाढते.

फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये डिझेल सहन करणारी पारदर्शक नळी काही काळापुरती बसवा आणि एअर काढून गाडी चालू करा. नळीतून मण्यांसारखे बुडबुडे सलग जात राहिले, तर हवा फिल्टरच्या किंवा त्याच्या आधीच्या भागातून येते आहे. मग टाकीची लाइन वगळून पाहा. स्वच्छ कॅनमध्ये गाळलेले डिझेल घेऊन तो इंजिनापेक्षा उंच, गरम भागांपासून दूर आणि पक्का बांधून ठेवा. फिल्टरला येणारी नळी त्यात बुडवा आणि रिटर्नची (उरलेले डिझेल टाकीत परत नेणारी) नळीही त्यातच सोडा. तसेच रात्रभर राहू द्या. सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली, तर दोष बहुधा फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला आहे. कॅन उंचावर असल्याने आता लाइनमध्ये ओढ नसून दाब राहतो. त्यामुळे फिल्टरच्या झाकणाची रिंग किंवा बँजो बोल्टचे (नळी जोडणारा, आतून डिझेल जाणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर (वॉशर) गळत असेल, तर तिथे डिझेल बाहेर पाझरून त्यावर धूळ चिकटलेली दिसेल.

केळीपट्टा (रावेर)

एक विनंती. गाडी सुरू होत नाही म्हणून एअर क्लीनरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरण्याची किंवा स्टार्टिंग स्प्रे मारण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, ती कृपया टाळा. त्यामुळे पिस्टन आणि रिंगा फुटू शकतात, आणि हीटर प्लग असलेल्या इंजिनात तर हवेच्या मार्गातच भडका उडून माणूस भाजू शकतो.

सातपुडा पायथा (यावल तालुका)

दोष सापडला. पारदर्शक नळीत बुडबुडे सलग दिसत होते. कॅन लावून ठेवल्यावर मात्र सकाळी गाडी लगेच सुरू झाली. टाकीकडून येणारा लोखंडी पाइप चासीजवळ जिथे रबरी नळीला जोडलेला आहे, तिथे क्लिपच्या अगदी कडेला नळीला केसासारखी भेग होती. नळी सरळ असताना ती दिसत नव्हती, वाकवल्यावर उघडली. तेवढा तुकडा बदलला आहे. सुरू केल्यानंतर अजून एखाद-दुसरा बारीक बुडबुडा दिसतो, त्याची काळजी करावी का?

डिझेल मिस्त्री (पारोळा)

फिल्टरमध्ये अडकलेली हवा निघेपर्यंत असे बुडबुडे येतात. गाडी थोडी चालल्यावर ते बंद झाले पाहिजेत. बंद झाले नाहीत तर फिल्टरच्या झाकणाची रिंग बदला, आणि बँजो बोल्ट सोडवलेच तर जुनी वायसर पुन्हा वापरू नका. बदललेली नळी डिझेलसाठीचीच आहे ना, याची खात्री करा. शेतात सहज मिळते म्हणून ठिबकची किंवा पाण्याची नळी लावली, तर ती डिझेलने फुगते किंवा कडक होऊन तडकते. तपासणी झाल्यावर पारदर्शक तुकडाही काढून तिथे मूळ प्रकारची नळी बसवा, कारण इंजिनाच्या उष्णतेजवळ तो फार काळ टिकत नाही.