मदत हवी आहे: १३० बीपीएमच्या (मिनिटाला १३० ठोके) ट्रॅकचा १३८ वर रिमिक्स, व्होकल बिघडतोय

मी आणि माझा मित्र मिळून एक प्रोग्रेसिव्ह ट्रान्स (इलेक्ट्रॉनिक डान्स संगीताचा एक प्रकार) सिंगल केलाय, १३० बीपीएम, ए मायनर, साडेसात मिनिटांचा. मेलडी त्याची, बेस आणि ड्रम्स माझे, आणि खरं सांगतो, ब्रेकडाउनमध्ये (ड्रम्स थांबतात तो शांत भाग) पॅड, म्हणजे सिंथचे लांब मऊ सूर, हळूहळू उघडत जाऊन व्होकल येतो ना, तो भाग आम्हा दोघांच्याही जीवाचा आहे. आता त्याचाच रिमिक्स मी १३८ वर करतोय, थोडा अपलिफ्टिंग, पण व्होकल टाइम स्ट्रेच केला (म्हणजे सूर तोच ठेवून वेग बदलला) की लांब सुरांवर धातूसारखा खरखरीत आवाज येतोय. स्ट्रेच न करता नुसता स्पीड वाढवला तर साधारण एक सेमीटोन (अर्धा सूर) वर जातो, म्हणजे सगळा ट्रॅक बी फ्लॅट मायनरमध्ये न्यावा लागेल, आणि गाणारीचा आवाज पातळ वाटतो तो वेगळाच.

मला वाटतं मूळ घोळ रिव्हर्बचा (आवाजाला दिलेल्या घुमाऱ्याचा) असावा, कारण व्होकलचा स्टेम (वेगळा काढलेला ट्रॅक) रिव्हर्बसकट एक्सपोर्ट झालाय. ड्राय (रिव्हर्ब नसलेला) स्टेम मागवून, स्ट्रेच करून मग नवीन रिव्हर्ब लावला तर फरक पडेल का? कोणी केलंय का असं? का ट्रॅकची पट्टी (की) बदलणंच बरं?

अजून एक, रिमिक्सला वेगळा आयएसआरसी कोड (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) लागतो एवढं माहितीये, पण दोन्ही एकाच रिलीजमध्ये टाकावेत की रिमिक्स नंतर?