सोसायटीला पोर्टेबल जनरेटर जोडायचाय, दोन्ही टोकांना पिन असलेल्या केबलनं चालेल का?

शाहूपुरीकर: नमस्कार. कोल्हापुरात शाहूपुरीत, जयंती नाल्याच्या अंगाला आमची तीन मजली बिल्डिंग, सहा फ्लॅट. 2019 ला आणि 2021 ला पुरात पार्किंगमध्ये पाणी, लाईट बंद. यंदा एका मंडपवाल्याकडनं 3 केव्हीएचा जुना पेट्रोल जनरेटर घेतलाय. जिन्यातले दिवे, घरटी एक पंखा, दोन बल्ब आणि बोअरची दीड एचपीची मोटर, एवढंच. वायरमन म्हणतो, दोन्ही टोकांना पिन असलेली केबल करतो. एक टोक जनरेटरला, दुसरं पार्किंगच्या सॉकेटात, मेन पाडला की झालं. चेअरमन काका खूश, खर्च नाही म्हणून. मला काय पटेना.

रंकाळाकाठ: आमच्याकडं तसंच आहे राव. मेन पाडायला विसरायचं नाही, बस्स.

उद्यमनगरचा वायरमन: आणि विसरला तर? अंधारात, गुडघाभर पाण्यात, कुणीतरी पोरगं घाईत सॉकेटात पिन घालणार. मेन चालू राहिला की करंट उलटा मीटरमधनं बाहेर जातो. लाईन डीपीला, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरला, जोडलेली असंल तर तोच ट्रान्सफॉर्मर 230 चे 11 हजार व्होल्ट करतो. गल्लीचा लोड अंगावर आला तर जनरेटर बंद पडतो, खरंय. पण पुढं लाईन तोडून काम चाललेलं असंल तर बंद पडत नाही, आणि खांबावर लाईनमन असतोय. त्यात लाईट आली तर जनरेटरचं वाइंडिंग गेलं. शिवाय केबलचं सॉकेटातलं टोक निसटलं तर उघड्या पिना जिवंत.

दोन पोलचा चेंजओव्हर बसवा, म्हणजे मेन लाईन नाहीतर जनरेटर निवडायचा स्विच, फेजबरोबर न्यूट्रलही तोडणारा. एकावेळी एकच बाजू लागते, विसरायचा प्रश्नच नाही. जिना आणि घरटी एक सर्किट असा वेगळा डीबी (फ्यूज-स्विचांचा बोर्ड) काढा आणि तो पहिल्या मजल्यावर न्या. पार्किंगात ठेवला तर पुरात तोच आधी बुडणार. जनरेटरचं न्यूट्रल अर्थिंगला जोडलेलं आहे का तेही बघून घ्या. ते मोकळं असलं तर आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, भरवशाचा नाही.

शाहूपुरीकर: मोटर चालंल का? आणि काका म्हणतात, जनरेटर जिन्याखाली ठेवू, पावसात भिजायला नको.

उद्यमनगरचा वायरमन: जिन्याखाली अजिबात नको. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, जिन्यातनं सरळ घरात चढतोय. गच्चीवर, वर पत्रा मारून, चारी बाजू मोकळ्या, धुराड्याचं तोंड जिन्याच्या दारापासनं लांब.

मोटर नाही. 3 केव्हीए म्हणजे 13 अँपियर. दीड एचपी चालताना नऊ-दहा खाते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढते, जनरेटर गुदमरतो. टाकीत पाणी आधी भरून ठेवा. शिंगणापूरचं पाणी उपसा केंद्र बुडालं की नळही कोरडा पडतो, हे दोनदा बघितलंय आपण.

रंकाळाकाठ: पेट्रोल किती जाईल?

उद्यमनगरचा वायरमन: लोडवर तासाला लिटर-सव्वा लिटर धरा. शिरोलीला हायवे बंद झाला की गावात पेट्रोलची बोंब, म्हणून रात्री चार तासच चालवा.

शाहूपुरीकर: काका विचारतात, चेंजओव्हर 63 चा घेऊ?

उद्यमनगरचा वायरमन: 32 अँपियरचा भरपूर झाला. उरलेले पैसे अर्थिंगच्या खड्ड्यात घाला.