अनुभव धागा: कॅमेऱ्याच्या घरगुती खटपटी (मापांसकट लिहा)

शटरवेडा
कपाट आवरताना पिनहोल (लेन्सऐवजी सुईच्या टोकाएवढं भोक) केलेलं बॉडी कॅप, म्हणजे लेन्सच्या जागी बसणारं झाकण, हाती लागलं आणि सगळं आठवलं. म्हटलं, सगळ्यांच्या खटपटी एका जागी येऊ देत. सुरुवात त्याच कॅपने करतो.

कॅपच्या मधोमध ६ मिमीचं भोक, त्यावर खालचा पत्रा बसवायचा. कॅप कॅमेऱ्यावर असताना ड्रिल अजिबात नको, कीस थेट आत पडतो. शीतपेयाच्या डब्याचा २ सेमी चौकोनी पत्रा कापा, मागे पुठ्ठा ठेवून सुईने नुसता उंचवटा आणा. आरपार करू नका. मागचा फुगवटा ६०० आणि मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, की पत्रा पातळ होऊन आपोआप बारीक भोक पडतं. मग सुईचं टोक हलकेच फिरवा. कड खरखरीत राहिली तर चित्र धुरकट येतं.

एसएलआरला (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याला) पत्रा ते सेन्सर अंतर साधारण ४५ ते ५० मिमी, त्याला ०.३ मिमीचं भोक. मिररलेसला (आरसा नसलेल्याला) २० मिमीच्या आसपास, तिथे ०.२. मोठं झालं तर चित्र पसरट, फार बारीक झालं तर विवर्तनाने (भोकाच्या कडेला प्रकाश वळल्याने) मऊ. मोजायला पत्रा २४०० डीपीआयला स्कॅन करा, ०.३ मिमी म्हणजे २८ पिक्सेल.

भिंगवाली
मस्त धागा! ०.३ ला एफ (अंतर भागिले भोक) साधारण १६०, म्हणजे कडक उन्हात आयएसओ १०० ला एक सेकंद धरून चाला. आणि सेन्सरवरचा धुळीचा कण न् कण दिसतो, आधी ब्लोअर मारा.

माझ्याकडून उलटी लेन्स. रिव्हर्स रिंगवर (लेन्स उलटी बसवायची कडी) ५० मिमी उलटी लावली की जवळजवळ १:१, म्हणजे सेन्सरवर वस्तूच्याच आकाराचं चित्र, २८ मिमी लावली तर दुपटीच्या वर. विषय लेन्सपासून चार-पाच सेंटीमीटरवर येतो, त्यामुळे लेन्सचीच सावली पडते. उजेड बाजूने द्या. फोकसची रिंग विसरा, कॅमेरा पुढेमागे सरकवा. बाकी रात्री.

निवांत
@भिंगवाली अ‍ॅपर्चरचं (लेन्समधल्या प्रकाशाच्या भोकाचं) काय? अ‍ॅपर्चरची रिंग नसलेल्या लेन्सचं?

भिंगवाली
कॅनन ईएफ असेल तर आधी सरळ लावा, एफ ८ ठेवा, डेप्थ प्रिव्ह्यूचं (अ‍ॅपर्चर तात्पुरतं मिटवणारं) बटण दाबून धरूनच लेन्स काढा. अ‍ॅपर्चरची पाती तिथेच राहतात. निकॉनच्या जी (अ‍ॅपर्चर रिंग नसलेल्या) लेन्स काढल्यावर पूर्ण मिटतात, मागची छोटी दांडी कागदाची घडी खुपसून अडवावी लागते. आणि हो, मागची काच आता पुढे उघडी असते, जपा.

आटेवाला
ट्रायपॉडच्या आट्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही. पाव इंची बोल्ट, इंचाला २० आटे. दुकानात एम ६ सारखाच दिसतो, पण त्याचा आटा १ मिमीचा आणि आपला १.२७. दोन फेरे जातो, मग अडतो, आणि जोर लावला की कॅमेऱ्याच्या बुडातले आटे गेले. बोल्ट ५ मिमीपेक्षा जास्त आत जाऊ नये, नट घट्ट करून तेवढाच बाहेर ठेवा.

त्याच बोल्टला दोरी बांधून, दुसरं टोक पायाखाली दाबून वर ताणलं की वरखाली हलणं बरंच थांबतं. दोरी न ताणणारी हवी, इलॅस्टिक चालत नाही.

सोडालिंबू
इथे कुणी कॉफीत फिल्म धुतं का? पाण्यात सोडा किती घालायचा? खायचा चालेल?

शटरवेडा
खायचा नाही! तो पुरेसा अल्कधर्मी नसतो, फिल्म कोरी निघेल. धुण्याचा सोडा लागतो. १ लिटरला निर्जल (पाणी नसलेला) सोडा ५४ ग्रॅम, व्हिटॅमिन सी १६, इन्स्टंट कॉफी ४०, याच क्रमाने विरघळवा. २० अंशाला १५ मिनिटं. सोडा खडेदार असेल तर त्यात पाणीच जास्त असतं, १४६ ग्रॅम घ्या. फिक्सर (चित्र टिकवणारं रसायन) मात्र नेहमीचाच.

निवांत
जुना फ्लॅश उघडून ट्रिगर बसवावा म्हणतोय, काही टिप्स?

आटेवाला
@निवांत थांबा. सेल काढले तरी कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्ट राहू शकतात. पेचकसाने शॉर्ट करू नका. २ किलो ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड तारांनी १५ सेकंद धरा, मल्टिमीटरने शून्याजवळ आल्याची खात्री करा, मगच हात घाला. कुणी जवळ असताना करा.

काचेवरचीबुरशी
विषय थोडा वेगळा, पण एवढ्या लेन्स काढताय म्हणून. हवाबंद डबा, सिलिका जेल, आत आर्द्रता ४० ते ५० टक्के. ६० च्या वर बुरशी धरते, ३० च्या खाली रबर आणि वंगण सुकतं. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशाला दोनेक तास.

भिंगवाली
माझा आर्द्रतेचा मीटर ६८ दाखवतोय, खरा कसा मानायचा?

काचेवरचीबुरशी
झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाणी घालून ओलसर करा (विरघळवू नका), मीटरबरोबर झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. सकाळी ७५ दाखवायला हवा. ७९ दाखवला तर ४ वजा करत चला.