मुलाच्या आतड्यातल्या जिवाणूंचा रिपोर्ट लाल आलाय. वजनाचं कारण तेच का?

प्रश्न: मुलगा १६ वर्षांचा, वजन ९४ किलो. कुणीतरी सुचवलं म्हणून शौचाचा नमुना तपासायला दिला. अकरा पानी रिपोर्ट आला. चौथ्या पानावर 'फर्मिक्युटीस-बॅक्टेरॉइडेटीस गुणोत्तर' (आतड्यातल्या जिवाणूंच्या दोन मोठ्या गटांचं एकमेकांशी प्रमाण) लाल पट्टीत, आणि खाली त्या लॅबच्याच प्रोबायोटिक (म्हणजे 'चांगल्या' जिवाणूंच्या) कॅप्सूलचा तीन महिन्यांचा कोर्स! चिरंजीव म्हणतात, "बघ आई, मी खादाड नाहीच, माझे जिवाणू तसे आहेत." खरंय का हे?

उत्तर १: ताई, मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. त्याचं म्हणणं उंदरांच्या बाबतीत बरंचसं खरं आहे. २००६ साली निर्जंतुक वाढवलेल्या उंदरांच्या पोटात लठ्ठ उंदरांचे जिवाणू सोडले, तर त्यांची चरबी जास्त वाढली. ते गुणोत्तर तेव्हापासूनच गाजलं. माणसांत मात्र ते टिकलं नाही. एका अभ्यासात वाढलेलं, तर दुसऱ्यात उलटंच. लाल पट्टी विसरा.

न्यूझीलंडमध्ये १४ ते १८ वयाच्या ८७ लठ्ठ मुलामुलींवर प्रयोग झाला, निष्कर्ष २०२० मध्ये आले. काहींना सडपातळ, निरोगी दात्यांच्या विष्ठेतले जिवाणू कॅप्सूलमधून दिले (हे त्याला जेवताना सांगू नका), बाकीच्यांना नुसत्याच कॅप्सूल. बीएमआयमध्ये (उंचीच्या मानाने वजनात) फरक पडला नाही. पोटाकडच्या चरबीचं प्रमाण तेवढं जरा सुधारलं.

जिवाणूंना खाऊ घालणं मात्र आपल्या हातात आहे. आपल्याला न पचणारा चोथा ते मोठ्या आतड्यात आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचं मेदाम्ल तयार होतं आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावरच पोसल्या जातात. कडधान्यं, भाज्या, सालीसकट फळं वाढवा. गोड पेयं आधी बंद. आणि हो, जिवाणूंच्या नादात साखर, यकृत, रक्तदाब तपासायचं राहू देऊ नका.

उत्तर २: चोथ्याबद्दल स्वानुभव. मी २१ वर्षांचा, वजन शंभरीपार. उत्साहात पहिल्याच दिवशी दोन वाडगे कडधान्य हाणलं. दुसऱ्या दिवशी लेक्चरला पोट असं गुरगुरलं की पुढच्या बाकावरची मुलगी वळून बघायला लागली.

उत्तर १: अरे, जिवाणूंना एकदम मेजवानी दिलीस, मग गॅस होणारच! दोन-तीन आठवड्यांत थोडं थोडं वाढव, पाणीही पी.

प्रश्नकर्ती: कोर्स रद्द केला. उद्या रक्त द्यायला नेतेय. उपाशीपोटी यायला सांगितलंय, तेवढ्यावरूनच स्वारी तोंड पाडून बसलीय.